पंधराशे पौंड

कोर्टाचं सत्र चालू असलं की रोज सकाळी लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर हॉलच्या दिशेनं एक मिरवणूक निघायची. सगळ्यांत पुढे धिप्पाड, देखणे दोन पाद्री, हातात चांदीचे दोन भलेथोरले क्रूस. त्यांच्यासोबत चांदीचे दोन खांब उचलून चालणारे दोघे. एक जण फक्त लाल टोपी मिरवायला नेमलेला. चोपदार ओरडताहेत, ‘‘बाजूला व्हा, लॉर्ड कार्डिनलना वाट द्या!’’ आणि मधोमध पायघोळ लाल झग्यात स्वतः टॉमस वूल्सी. यॉर्कचा आर्चबिशप, रोमचा कार्डिनल, इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सलर, म्हणजे राजमुद्रा सांभाळणारा मुख्य न्यायाधीश आणि कारभारी. हातातलं संत्रं अधूनमधून नाकाशी नेतोय. संत्र्यातला गर काढून टाकलेला, आत व्हिनेगर आणि औषधी द्रव्यांत भिजवलेला स्पंजाचा तुकडा. दाराशी अर्ज घेऊन दाटीवाटीनं उभ्या असलेल्या लोकांच्या श्वासातून रोग लागू नये म्हणून ही तजवीज. वासाचा त्रास होणारा हा गृहस्थ इप्सविचच्या खाटकाचा मुलगा आहे, हे त्या गर्दीत सगळ्यांना पाठ होतं.

हे संत्रं आपल्यापर्यंत पोचलं ते जॉर्ज कॅव्हेंडिश नावाच्या माणसामुळे. हा वूल्सीच्या खासगीत नोकरीला होता. दालनाच्या दाराशी उभं राहायचं, कोणाला आत सोडायचं ते बघायचं, मालकाचं हवं-नको सांभाळायचं. मालक गेल्यावर पाव शतक उलटून गेलं आणि त्यानं त्याचं चरित्र लिहायला घेतलं. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला काय काय दिसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. माझी उमेदीची वर्षं मंत्रालयात फाइली खाली-वर करण्यात गेली. त्यामुळे वूल्सीचा थाट, त्याचा लोभ, त्याची महत्त्वाकांक्षा हे सगळं वाचून झाल्यावरही माझं लक्ष भलतीकडेच अडकतं. हा माणूस राजासाठी नेमकं काय काम करत होता? आणि तो ते करत राहिल्यानं राजाला कसली सवय लागली?

जन्म 1473 च्या आसपासचा. बाप गुरांचा व्यापार करी, खाणावळही चालवी. पण शत्रूंना ‘खाटीक’ एवढंच पुरेसं होतं. मुलगा असा हुशार की ऑक्सफर्डची पहिली पदवी पंधराव्या वर्षी खिशात. मग मॉडलिन कॉलेजात हिशेब सांभाळणं, एका उमरावाच्या मुलांना शिकवणं, त्या ओळखीवर सॉमरसेटमधल्या लिमिंग्टन गावचं चर्च मिळवणं. तिथे सर एमायस पॉलेट नावाच्या स्थानिक बड्या धेंडानं त्याला खोड्यात घातलं. कारण काय ते कॅव्हेंडिश सांगत नाही. पण पुढे चॅन्सलर झाल्यावर वूल्सीनं त्याच पॉलेटला लंडनला बोलावून घेतलं आणि परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही म्हणून पाच-सहा वर्षं अडकवून ठेवलं, हे मात्र तो तपशिलात सांगतो. वूल्सी विसरणाऱ्यांतला नव्हता.

त्याच्या उदयाची खरी गोष्ट म्हणजे फ्लँडर्सची फेरी. सातवा हेन्री तेव्हा विधुर होता. लग्नाच्या बोलणीसाठी बादशहा मॅक्सिमिलियनकडे माणूस धाडायचा होता आणि कोणीतरी या तरुण पाद्र्याचं नाव पुढे केलं. वूल्सी दुपारी रिचमंडहून निघाला. ग्रेव्हसेंडपर्यंत नावेनं, पुढे रात्रभर घोडा दामटत सकाळी डोव्हर, खाडी ओलांडून कॅले, आणि त्याच रात्री बादशहासमोर हजर. जबाब घेऊन लगेच मागे फिरला. तिसऱ्या दिवशी रात्री रिचमंडला परत. दुसऱ्या दिवशी सकाळी राजानं त्याला प्रार्थनेला जाताना पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. अजून निघाला नाहीस? वूल्सी म्हणाला, जाऊन आलो. राजा चपापला. तुझ्यामागे मी एक माणूस पाठवला होता, एक मुद्दा सांगायचा राहिला होता म्हणून, तो भेटला का? भेटला, पण परतीच्या वाटेवर. आणि तो मुद्दा मला आधीच सुचला होता, म्हणून आपली आज्ञा नसतानाही बोलून घेतला. आगाऊपणा झाला असल्यास क्षमा असावी.

ही हकीकत खुद्द वूल्सीनं कॅव्हेंडिशला सांगितलेली, तेव्हा थोडा मीठमसाला गृहीत धरायला हरकत नाही. तरी त्यातला शेवटचा भाग मला फार खरा वाटतो. वेगानं काम करणारे कारकून खूप असतात. साहेबांना जे सांगायचं सुचलंच नव्हतं तेही करून ठेवणारा एखादाच. त्याला बढती मिळतेच, आणि साहेबांचं डोकं वापरणं त्या दिवसापासून थोडं कमी होतं.

सातवा हेन्री स्वतः हिशेबाच्या वह्या तपासून पानोपानी सही करणारा राजा होता. 1509 मध्ये तो गेला आणि आठवा हेन्री गादीवर आला तेव्हा पुरता अठरा वर्षांचाही नव्हता. उंचापुरा, देखणा, भाल्याच्या झुंजी, शिकार, टेनिस, संगीत यांत रमलेला. कागदपत्रांचा त्याला मनस्वी कंटाळा. लिहिणं आपल्याला जिकिरीचं आणि क्लेशाचं होतं, असं त्यानं वूल्सीलाच एका पत्रात लिहून कळवलंय. बापाच्या काळातले जुने सल्लागार त्याला सांगत, महाराज, मधूनमधून कौन्सिलमध्ये बसत जा. राजाच्या दानधर्माचं खातं सांभाळणारा वूल्सी सांगे, आपण कशाला तसदी घेता, आपली मर्जी तेवढी कळवा, बाकी मी बघतो. कॅव्हेंडिशच्या मते सगळी किमया एवढीच. बाकीचे राजाला त्याच्या कर्तव्याकडे ओढत होते, हा त्याला त्याच्या सुखाकडे मोकळं सोडत होता.

1513 च्या फ्रान्सवरच्या स्वारीत वूल्सीचा हात सगळ्यांना दिसला. लढाई राजाची, पण जहाजं, तंबू, घोडे, बिअरची पिंपं आणि खारवलेलं मांस वेळेवर पोचवण्याचं काम या पाद्र्याचं. थेरुआन आणि तुर्ने ही शहरं पडली, राजाला हवी ती कीर्ती मिळाली. त्यानंतर पदांचा पाऊस पडला. 1514 मध्ये लिंकनचा बिशप आणि त्याच वर्षी यॉर्कचा आर्चबिशप, 1515 मध्ये कार्डिनल आणि वर्षअखेर लॉर्ड चॅन्सलर, 1518 मध्ये पोपचा खास मुखत्यार. ही शेवटची नेमणूक खरं तर तात्पुरती असायची. 1524 मध्ये वूल्सीनं ती तहहयात करून घेतली. आता चर्चच्या बाबतीत कँटरबरीचा आर्चबिशपसुद्धा त्याच्या खाली. शिवाय एकामागून एक बाथ अँड वेल्स, डरॅम, विंचेस्टर या बिशपच्या गाद्या, आणि वर सेंट ऑल्बन्सच्या श्रीमंत मठाचं उत्पन्न. यॉर्कचा आर्चबिशप म्हणून पंधरा वर्षं मिरवलेल्या या माणसानं पद जाईपर्यंत यॉर्कच्या धर्मप्रांतात पाऊल टाकलं नव्हतं. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेली, पण जोन लार्कपासून दोन मुलं. मुलगा टॉमस विंटर शिकत असतानाच चर्चची गलेलठ्ठ पदं खात होता, मुलगी जोगीण म्हणून मठात. यात लपवण्यासारखं काही आहे असं त्या काळी फारसं कोणाला वाटलं नाही, आणि सारवासारव करण्याची मलाही गरज वाटत नाही. त्याचा हात ओढाळ होता.

पण तो काम करायचा. 1527 मध्ये तो राजाच्या कामासाठी फ्रान्समध्ये कॉम्पियेनला होता, त्या वेळची एक सकाळ कॅव्हेंडिशनं टिपून ठेवली आहे. वूल्सी पहाटे चारला उठून लिहायला बसला. डोक्यावर रात्रीची टोपी आणि रुमाल तसाच. दारात माणसं तयार उभी, पत्रं झाली की इंग्लंडला दौडत जायची. दुपारचे चार वाजले तेव्हा त्यानं लेखणी खाली ठेवली. मधल्या बारा तासांत त्यानं काही खाल्लं नाही, आणि एकदाही लघवीला उठला नाही. मग कपडे केले, प्रार्थना म्हटली, बागेत एक फेरी मारली, दुपारचं आणि रात्रीचं जेवण एकदमच उरकलं आणि झोपला. तेव्हा त्याचं वय चोपन्न-पंचावन्न. चांदीच्या खांबांपेक्षा ही टोपी घातलेली मूर्ती मला जास्त वूल्सी वाटते.

चॅन्सलर म्हणून त्यानं स्टार चेंबरचं कोर्ट असं जोरात चालवलं की बड्या जमीनदारांना पहिल्यांदाच खालच्या माणसाच्या तक्रारीवरून हजर व्हावं लागलं. गरिबांचे अर्ज फुकट ऐकण्याची सोय वाढवली. 1517 मध्ये, शेतं आणि गायरानं कुंपण घालून मेंढ्यांसाठी बळकावणाऱ्यांची चौकशी लावली आणि उमरावांवर खटले भरले. अर्थात चौकशी लावणाऱ्या या माणसाची स्वतःची जहागीरही काही कमी नव्हती. परराष्ट्रकारणात 1518 चा लंडनचा तह त्याच्या कारकिर्दीतला कळस, वीसहून अधिक सत्तांना एका शांततेच्या करारात बांधायचा बेत. 1520 च्या जूनमध्ये गीन आणि आर्द्रच्या मधल्या माळावर हेन्री आणि फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस जरतारी तंबूंत भेटले, कुस्ती खेळले, कारंज्यातून वाइन वाहिली. त्या सगळ्याचा आखणीकार हाच. दोन वर्षांत इंग्लंड आणि फ्रान्स पुन्हा लढाईला उभे होते, म्हणून त्या जरीबद्दल जास्त लिहीत नाही.

हॅम्प्टन कोर्ट मी भाचीबरोबर पाहिलं, तिचं बिऱ्हाड लंडनमध्येच आहे. टेम्सच्या काठावरची ही जागा वूल्सीनं एका धर्मसंघाकडून भाडेपट्ट्यानं घेतली आणि राजाच्या डोळ्यांत भरेल असा वाडा बांधला. दरवाज्यांवर भाजलेल्या मातीचे रोमन बादशहांचे मुखवटे आहेत, जोव्हानी दा मायानो या इटालियन कारागिराकडून 1521 मध्ये करवून घेतलेले. पर्यटक बहुतेक हेन्रीच्या बायका मोजण्यात गुंग असतात. मान वर करून या बादशहांकडे कोणी बघत नाही. पुढे वूल्सीनं हा वाडा राजाला नजर केला. त्यानं स्वतःसाठी थडगंही करायला घेतलं होतं. फ्लॉरेन्सचा शिल्पकार बेनेदेत्तो दा रोव्हेझानो, काळ्या दगडाची पेटी, ब्राँझचे चार देवदूत. ते थडगंही हेन्रीनं ताब्यात घेतलं, पण त्याचंही काम पुरं झालं नाही. काळी पेटी तीन शतकांनी उपयोगी पडली. सेंट पॉल्सच्या तळघरात आज तिच्याखाली अ‍ॅडमिरल नेल्सन आहे.

राजाला लागलेल्या सवयीकडे येतो. राजानं मागायचं आणि वूल्सीनं आणून द्यायचं. 1523 मध्ये लढाईसाठी आठ लाख पौंड हवे होते. वूल्सी स्वतः लवाजम्यासह पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात गेला आणि बोलला. समोर सगळे गप्प. त्यानं एकेकाला विचारलं, कोणी तोंड उघडेना. सभापती टॉमस मोरनं गुडघे टेकून सांगितलं, बाहेरच्या माणसासमोर बोलायची या सभागृहाची रीत नाही. वूल्सी तरातरा निघून गेला, आणि शेवटी मागितल्यापेक्षा बरंच कमी पदरात पडलं. 1525 मध्ये पार्लमेंटला विचारण्याचीही तसदी न घेता नवी वर्गणी काढली. सामान्य माणसाच्या संपत्तीचा सहावा हिस्सा, पाद्र्यांच्या उत्पन्नाचा तिसरा. नाव मोठं गोड, स्नेहाची देणगी. सफकमध्ये, म्हणजे वूल्सीच्याच मुलखात, लॅव्हनमचे विणकर रस्त्यावर उतरले. कापडवाल्यांकडे पैसा उरला नाही म्हणून त्यांची कामं गेली होती. नॉरफोकचा ड्यूक फौज घेऊन गेला. त्यानं विचारलं, तुमचा म्होरक्या कोण? एक म्हातारा पुढे झाला आणि म्हणाला, आमचा म्होरक्या दारिद्र्य, त्यानं आणि त्याच्या भावानं, गरजेनं, आम्हाला इथवर आणलं.

राजानं काय केलं? तो म्हणाला, या मागणीचं मला काही ठाऊकच नव्हतं. वर्गणी रद्द झाली, पकडलेल्यांना माफी मिळाली. माफीचं पुण्य राजाच्या खात्यात, वर्गणीचं पाप कार्डिनलच्या. वूल्सीनं चकार शब्द न काढता ते अंगावर घेतलं. त्याला यात नोकरीचा भागच वाटला असणार. मोठ्या माणसांभोवती वावरलेल्या कोणालाही हे नवं नाही. फसलेल्या कागदावर कोणाची सही सापडायला हवी, हे कागद फसण्याच्या आधीच ठरलेलं असतं. त्या वर्षी दोघांनीही एकेक गोष्ट शिकायला हवी होती असं मला वाटतं. वूल्सीनं ही, की राजा आपल्याला पुढे करून बाजूला सरकू शकतो. राजानं ही, की वूल्सीलाही सगळं आणता येत नाही. पहिलीही नीट शिकली गेली नाही आणि दुसरी तर मुळीच नाही.

मग राजानं घटस्फोट मागितला.

काम कागदावर जमण्यासारखं होतं. राजांची लग्नं रोमनं पूर्वीही मोडली होती. कॅथरीन ही हेन्रीच्या मृत भावाची बायको. भावाच्या विधवेशी लग्न शास्त्रबाह्य, पोपनं दिलेली सूट चूक, असं म्हणत न्यायचं. पण 1527 च्या मे महिन्यात बादशहा पाचव्या चार्ल्सच्या सैन्यानं रोम लुटलं आणि पोप सातवा क्लेमेंट किल्ल्यात कोंडला गेला. कॅथरीन या चार्ल्सची सख्खी मावशी. भाच्याच्या कैदेत असलेला पोप मावशीचं लग्न मोडणार कसा? वूल्सी कॉम्पियेनमध्ये टोपी घालून बारा तास लिहीत होता तो याच दिवसांत. त्याचं लेखन चालू असताना इकडे राजानं त्याला डावलून आपला चिटणीस विल्यम नाइटला परस्पर रोमकडे धाडलं. वूल्सी परतला आणि रिवाजाप्रमाणे निरोप पाठवला, महाराजांना एकांतात कुठे भेटू? उत्तर अ‍ॅन बोलीननं दिलं, राजाला जिच्याशी लग्न करायचं होतं तिनं. राजे जिथे आहेत तिथे यावं, दुसरीकडे कुठे येणार? त्या क्षणी शहाण्या माणसानं आजारी पडायला हवं होतं.

रोमहून कार्डिनल कँपेजो आला, संधिवातानं जर्जर, वाटेत जागोजागी मुक्काम करत, आणि शक्य तितका वेळ काढायचा अशी पोपची गुप्त सूचना घेऊन. 1529 च्या जूनमध्ये ब्लॅकफ्रायर्सला दोन कार्डिनल न्यायाधीश म्हणून बसले. कॅथरीन भर कोर्टात नवऱ्यासमोर गुडघ्यांवर बसली, वीस वर्षांच्या संसाराचा दाखला दिला, उठली आणि चालू लागली. पुकारा झाला तरी वळली नाही. तो दिवस तिचा होता. जुलैच्या शेवटी कँपेजोनं जाहीर केलं, रोममधली कोर्टं आता सुटीवर जातात, आपणही ऑक्टोबरपर्यंत तहकूब. राजाचा मेहुणा, सफकचा ड्यूक चार्ल्स ब्रँडन, टेबलावर हात आपटून ओरडला की कार्डिनलांनी इंग्लंडचं कधी भलं केलेलं नाही. वूल्सी शांतपणे म्हणाला, हा साधा कार्डिनल नसता, तर ज्या डोक्यानं तुम्ही हे बोलताय ते आज तुमच्या खांद्यावर नसतं. त्याचं म्हणणं खरं होतं. ब्रँडननं 1515 मध्ये राजाच्या बहिणीशी चोरून लग्न केलं, तेव्हा त्याचा जीव वाचवणारा वूल्सीच होता. पण उपकाराची अशी चारचौघांत आठवण करून दिली की समोरचा आयुष्यभराचा वैरी होतो. एवढा मुरलेला कारभारी हे विसरला, म्हणजे तो किती थकला असेल.

ऑक्टोबरमध्ये त्याच्यावर खटला भरला. आरोप असा, की पोपचा मुखत्यार म्हणून त्यानं परकी सत्ता इंग्लंडमध्ये राबवली. ती मुखत्यारी राजानं स्वतः रोमकडे रदबदली करून मिळवून दिली होती आणि अकरा वर्षं तिचा उपयोग करून घेतला होता. वूल्सीनं गुन्हा कबूल केला. लढला असता तर राजाला खोटं पाडावं लागलं असतं. त्याची जात ती नव्हती.

राजमुद्रा काढून घ्यायला नॉरफोक आणि सफक हे दोन्ही ड्यूक आले. वूल्सीनं विचारलं, लेखी हुकूम? ते म्हणाले, राजांनी तोंडी सांगितलंय. ही मुद्रा मला राजांनी स्वहस्ते दिली, लेखी आणा, मग देतो. दोन ड्यूक हात हलवत विंडसरला परत गेले आणि दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन आले. तेव्हा त्यानं मुद्रा हवाली केली. हे वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो होतो. सगळं हातातून चाललंय, डोकं राहील की नाही सांगता येत नाही, आणि गडी कार्यपद्धती सोडत नाही! यॉर्क प्लेस हा लंडनचा वाडा सोडण्याआधी त्यानं सगळी मालमत्ता मोठाल्या टेबलांवर मांडायला लावली, मखमलीचे आणि जरीचे ठाण, सोन्याचांदीची भांडी, शेजारी त्यांच्या याद्या. राजाला काही शोधावं लागू नये.

नदीवर नावांची ही गर्दी. कार्डिनलला टॉवरमध्ये नेताना बघायला लोक आले होते. त्याची नाव उलट्या दिशेला, पटनीकडे वळली तेव्हा त्यांची निराशा झाली. पटनीच्या चढावर राजाचा माणूस हेन्री नॉरिस गाठ पडला, राजाची अंगठी आणि दिलासा घेऊन. वूल्सी खेचरावरून उतरला आणि चिखलात गुडघ्यांवर बसला. टोपी काढायला गेला तर नाडीची गाठ सुटेना, तेव्हा ती तोडून टाकली आणि उघड्या डोक्यानं बसून राहिला. राजाला परतभेट द्यायला जवळ काही उरलं नव्हतं, म्हणून आपला आवडता विदूषक पॅच देऊ केला. पॅचला जायचं नव्हतं. तो इतका ओरडला, लाथा झाडल्या, की त्याला न्यायला सहा दांडगे शिपाई लागले. त्या सगळ्या वाटेवर मालकासाठी उघडपणे भांडलेला एवढा एकच माणूस.

ईशरच्या घरी चादरी नव्हत्या, ताटं नव्हती, शेकडो नोकरांचा पगार थकलेला. तिथे 1 नोव्हेंबरला सकाळी कॅव्हेंडिशला खिडकीशी एक जण प्रार्थनेचं पुस्तक हातात धरून रडताना दिसला. टॉमस क्रॉमवेल. वूल्सीचा वकील आणि हरकाम्या. तो मालकासाठी आणि बरंचसं स्वतःसाठी रडत होता, तसं त्यानं सांगितलंही. पण त्याच दिवशी त्यानं चर्चची उत्पन्नं खाऊन तट्ट झालेल्या पाद्र्यांना चारचौघांत लाजवून, आपले पाच पौंड आधी टाकून, नोकरांसाठी वर्गणी गोळा केली. मग घोड्यावर बसून दरबारात गेला, एकतर घडेन नाहीतर मोडेन म्हणून.

क्रॉमवेलचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट. वूल्सीनं ऑक्सफर्डला एक भव्य कॉलेज आणि इप्सविचला शाळा काढली, त्यासाठी तीसेक लहान मठ पोपच्या परवानगीनं बंद करून त्यांच्या जमिनी वळवल्या. मोजणी, याद्या, खरेदीखतं हे सगळं काम क्रॉमवेलनं केलं. दहाएक वर्षांनी इंग्लंडमधला मठ म्हणून मठ बुडाला, तो याच माणसाच्या हातून. आणि चर्च व राज्य दोन्ही एका माणसाच्या मुठीत राहू शकतात, हे चौदा वर्षं दाखवून कोणी दिलं होतं? राजाला फक्त मूठ बदलायची होती. वूल्सी निष्ठेनं कॅथलिक होता, मनात असं काही नव्हतं. तरी रोमपासून तुटण्याचा सराव इंग्लंडनं रोमच्याच कार्डिनलच्या हाताखाली केला, असं मला वाटतं. ऑक्सफर्डचं ते कॉलेजही राजानं घेतलं. आज ते क्राइस्ट चर्च आहे.

1530 मध्ये त्याला माफी मिळाली आणि उत्तरेला, आपल्या धर्मप्रांतात जाण्याचा हुकूम झाला. तिथे तो लोकांना आवडला. साध्या चर्चमध्ये प्रार्थना घ्यायचा, भांडणं मिटवायचा. इथे चरित्रकार हळवे होतात. पण याच महिन्यांत तो आपल्या इटालियन डॉक्टरकरवी फ्रान्स, बादशहा आणि रोम सगळीकडे गुप्त निरोप धाडत होता. दरबाराशिवाय त्याला जगता येत नव्हतं. 4 नोव्हेंबरला यॉर्कजवळ कॉवुडच्या त्याच्या मुक्कामी नॉरदम्बरलंडचा अर्ल हेन्री पर्सी आला. हा पोरगेला असताना वूल्सीच्याच घरी वाढलेला. अ‍ॅन बोलीनशी लग्न करायला निघाला म्हणून वूल्सीनं त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. त्यानं थरथरत्या हातानं मालकाच्या दंडाला स्पर्श केला आणि पुटपुटला, महाराज, राजद्रोहाबद्दल मी आपल्याला अटक करतो.

लंडनच्या वाटेवर पोट बिघडलं, हगवण थांबेना. टॉवरचा किल्लेदार सर विल्यम किंग्स्टन न्यायला आला, तेव्हा ओळखायचं ते वूल्सीनं ओळखलं. लेस्टरच्या मठात पोचल्यावर तो म्हणाला, मठाधिपती, माझी हाडं तुमच्यापाशी ठेवायला आलोय. राजाला त्याच्या दुखण्याइतकीच आणखी एका गोष्टीची काळजी होती. कॉवुडच्या हिशेबात पंधराशे पौंड दिसत होते आणि सापडत नव्हते. किंग्स्टननं मरणशय्येवर त्याची चौकशी केली. वूल्सीनं सांगितलं, ते माझे नाहीत, मित्रांकडून उसने घेतलेत, मला पुरायला आणि नोकरांचं देणं द्यायला. कोणाजवळ आहेत ते उद्या सांगतो. किंग्स्टनलाच त्यानं ते प्रसिद्ध वाक्य ऐकवलं, की जेवढ्या मन लावून राजाची सेवा केली तेवढी देवाची केली असती, तर त्यानं मला या पांढऱ्या केसांत वाऱ्यावर सोडलं नसतं. त्यापुढे त्यानं असंही सांगितलं, की राजाच्या मनात एखादी इच्छा शिरली की ती निघत नाही. त्याच्या खोलीत मी तासन्‌तास गुडघे टेकून विनवलंय आणि उपयोग झालेला नाही, तेव्हा त्याच्या डोक्यात काही घालताना जपून. 29 नोव्हेंबरला सकाळी आठच्या ठोक्याला तो गेला.

कॅव्हेंडिश हॅम्प्टन कोर्टला वर्दी द्यायला गेला. राजा बागेत तिरंदाजी करत होता. हा झाडाला टेकून वाट बघत राहिला. राजानं मागून येऊन खांद्यावर थाप मारली. डाव संपवतो, मग बोलू. नंतर दरवाज्याच्या आत, सेबलच्या फरचा मखमली झगा घालून त्यानं तासाभराहून जास्त वेळ चौकशी केली. वूल्सी जगला असता तर वीस हजार पौंडांवर पाणी सोडलं असतं, असं म्हणाला. आणि मग विचारलं, ते पंधराशे कुठे आहेत? कॅव्हेंडिशला ठाऊक होतं. एका पाद्र्याजवळ ठेवलेत, असं त्यानं नावानिशी सांगितलं. राजा खूश झाला. हे तुझ्या-माझ्यात राहू दे. माझ्या मनातलं माझ्या टोपीला कळलं असं वाटलं, तर ती टोपीसुद्धा मी आगीत टाकीन.

दुसऱ्या दिवशी कौन्सिलनं बोलावलं. कार्डिनल मरताना काय बोलले? किंग्स्टननं आधीच बजावून ठेवलं होतं, खरं सांगशील तर बुडशील, मीही काही ऐकलं नाही असंच सांगितलंय. कॅव्हेंडिश म्हणाला, मी त्यांच्या शुश्रूषेत होतो, बोलण्याकडे लक्ष नव्हतं. मरणाच्या दारातला माणूस बरंच काही असंबद्ध बरळतो. कौन्सिलचं समाधान झालं. थकलेला पगार मिळाला, वर वीस पौंड बक्षीस, आणि मालकाच्या घोड्यांपैकी सहा. राजाची नोकरी न धरता तो सफकला घरी गेला. नॉरिस, अ‍ॅन आणि क्रॉमवेल यांची डोकी एकेक करून उडाली, राजाही मेला, आणि मग मेरी राणीच्या राज्यात त्यानं ते सगळं असंबद्ध बरळणं शब्दशः लिहून काढलं.